बर्फात ऐकलेलं माझं नाव

मी नागपुरात वाढलो आणि वीसेक वर्षांपासून कॅनडात, विनिपेगमध्ये राहतो. दोन्ही गावं सपाट. नागपुरात निदान एक टेकडी आहे आणि तिच्यावर गणपती आहे. विनिपेगमध्ये आमच्या भागातली सगळ्यात उंच जागा म्हणजे जुन्या कचऱ्यावर माती टाकून, वर गवत लावून तयार केलेला एक उंचवटा. हिवाळ्यात मुलं त्याच्यावरून प्लास्टिकच्या घसरगाड्या घेऊन खाली येतात. माझी मुलगी लहान असताना मी तिला तिथं नेत असे, आणि वरून खाली पाहताना डोळे मिटून घ्यायचो तो मीच. उंचीशी माझी ओळख एवढीच होती.

स्कीइंग आमच्या घरात आणलं ते माझ्या बायकोनं. ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. पन्नाशी उलटल्यावर एका हिवाळ्यात तिथल्या मैत्रिणी तिला शहराबाहेरच्या एका छोट्या स्की हिलवर घेऊन गेल्या. हिल म्हणायचं, पण ती खरं तर नदीनं खोदलेली दरी आहे. गाडी वर लावायची, घसरत दरीत उतरायचं आणि लिफ्टनं परत गाडीपाशी यायचं. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते, गुडघ्यावर निळा डाग पडला होता, आणि ती स्वयंपाकघरात उभी राहून नुसती हसत होती.

"अहो, पाय आपले आपण जातात," ती म्हणाली. "आपण फक्त कुठं जायचं तिकडं पाहायचं."

मग दर शनिवारी ती जाऊ लागली आणि मी थर्मासमधून चहा घेऊन तिच्याबरोबर. दरीच्या तळाशी असलेल्या लाकडी घराच्या काचेतून मी तिला पाहत बसायचो. जांभळं जॅकेट, हळूहळू मोठं होत येणारं. पुढच्या हिवाळ्यात तिनं मलाही शिकवणीला बसवलं. वळता येऊ लागलं, थांबता येऊ लागलं. त्यापलीकडे माझी मजल गेली नाही, पण तेवढ्यावर मी खूश होतो.

मुलगी वॉटर्लूला शिकायला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. बेसमेंटमध्ये घर गरम करणारी फर्नेस सुरू झाली तरी वर ऐकू यायचं. अशाच एका रविवारी बायको म्हणाली, "या फेब्रुवारीत रॉकीजमध्ये जाऊ. खऱ्या डोंगरात. आपण दोघंच."

आमच्या लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठं गेलो होतो ते मला आठवेना.

तयारी सगळी तिनं केली. विंटर टायर आमच्या गाडीला असतातच. तिनं डिकीत फावडं ठेवलं, दोन रजया, मेणबत्त्या, काडेपेटी आणि पातळ पोह्यांच्या चिवड्याचा मोठा डबा. "रस्त्यात अडकलो तर?" ती म्हणायची, आणि तिच्या आवाजात काळजीपेक्षा उत्सुकताच जास्त असायची. संध्याकाळी कामावरून आल्यावर ती लॅपटॉपवर डोंगरातल्या रस्त्यांचे कॅमेरे उघडून बसे. त्या घाटात खांबांवर कॅमेरे लावलेले आहेत आणि त्यांची चित्रं थोड्या थोड्या वेळानं बदलत राहतात. करडा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, कधी एखादा ट्रक, कधी काहीच नाही. मीही तिच्या शेजारी जाऊन बसायला लागलो. आम्ही कधी न पाहिलेल्या जागी अंधार पडताना पाहत आम्ही वरण-भात खायचो. आमच्याकडे अंधार आधी पडायचा आणि तिथं अजून उजेड असायचा, त्याची मला दर वेळी गंमत वाटे.

हिमस्खलनाचं बुलेटिनही ती रोज वाचायची. कुठल्या उंचीवर किती धोका, कुठला थर कच्चा, वारा कुठून.

"आपण तर स्की रिसॉर्टमध्येच राहणार," मी म्हणालो. "हे आपल्याला कशाला?"

"रस्ता त्याच डोंगराखालून जातो ना," ती म्हणाली. "पाहून ठेवलेलं बरं."

आम्ही निघालो तेव्हा विनिपेगमध्ये हवा इतकी थंड होती की नाकातले केस ताठ होत होते. मग सुरू झाली प्रेअरी, सपाट गवताळ मैदानं. आकाश आणि जमीन एकाच रंगाची आणि मध्ये एक सरळ रस्ता. वाऱ्यानं सुटं बर्फ रस्त्यावरून आडवं वाहत होतं, पांढऱ्या सापांसारखं, वळवळत, आणि गाडी त्याच्यावरून जाताना आपण एखाद्या उथळ नदीतून चाललोय असं वाटे. बायको गाडी चालवत असली की मी झोपायचो, मी चालवत असलो की ती. जाग आली की बाहेर तेच दृश्य. त्या प्रवासात आम्ही फार कमी बोललो, पण ते न बोलणं घरातल्या न बोलण्यासारखं नव्हतं. एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी कॅलगरी मागे पडलं, आणि क्षितिजावर ढगांची एक रांग दिसली. बराच वेळ ती हलली नाही. मग माझ्या लक्षात आलं की ते ढग नाहीत.

"थांबा ना जरा," बायको म्हणाली.

गाडी बाजूला घेतली. ती खाली उतरली, हात कमरेवर ठेवून नुसती उभी राहिली. मीही उतरलो. आम्ही दोन सपाटीवरची माणसं, डोंगरांकडे पाहत, थंडीनं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

घाटात आम्हाला थांबावं लागलं. पुढे डोंगरावरचं साठलेलं बर्फ स्फोट करून मुद्दाम पाडायचं काम चालू होतं, म्हणून रस्ता बंद होता. असं बर्फ आपणहून कधी तरी गाड्यांवर कोसळण्यापेक्षा रस्ता रिकामा करून ते आधीच पाडतात. गाड्यांची लांब रांग लागली होती. आमच्या पुढे एक ट्रक होता आणि त्याचा ड्रायव्हर पंजाबी होता. तो खाली उतरून टायरना लाथा मारून पाहत होता. आम्हाला पाहून त्यानं हात केला.

"कितना टाइम लगेगा?" मी काच खाली करून विचारलं.

"जब पहाड़ का मन होगा," तो हसला. "सो जाओ जी, मैं तो सो रहा हूँ."

आणि तो खरंच ट्रकमध्ये जाऊन झोपला. आम्ही चिवड्याचा डबा उघडला. थोड्या वेळानं दूर कुठे तरी धप्प असा आवाज झाला, छातीत जाणवला इतका खोल. मग समोरच्या उतारावर एक पांढरी रेघ हलली, फुगली, आणि दुधाला ऊत आल्यासारखी हळूच खाली आली. तिचा आवाज नंतर पोचला. ते आमच्यापासून फार लांब होतं आणि इतकं सावकाश वाटलं, की ते भयंकर आहे हे मनाला पटायला वेळ लागला. बायकोच्या हातात चिवडा तसाच होता.

आम्ही ज्या रिसॉर्टला उतरलो ते एक छोटं लाकडी गाव होतं. छतांवर माणसापेक्षा उंच बर्फ. सकाळी जाग यायची ती वरून येणाऱ्या त्याच धप्प आवाजांनी, कारण लिफ्ट सुरू करायच्या आधी तिथले लोकही वरचं बर्फ पाडून घेत. पहिल्याच दिवशी बायकोनं आम्हा दोघांना अर्ध्या दिवसाच्या शिकवणीला घातलं. "उतार नवा आहे," ती म्हणाली, "आपणही नवे." हिरव्या वर्तुळाच्या वाटा सोप्या, निळ्या चौकोनाच्या मध्यम, पत्त्यांतल्या चौकटसारख्या काळ्या खुणेच्या अवघड, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ज्याची आम्हाला कल्पना नव्हती ते लिफ्टच्या रांगेपाशी एका पाटीवर होतं. एक मोठं झाड, त्याच्या खोडाभोवती बर्फात पोकळी, आणि त्या पोकळीत डोकं खाली पाय वर असा एक माणूस.

शिकवणाऱ्या मुलीनं समजावून सांगितलं. फरच्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या खाली छत्रीसारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे खोडाजवळ बर्फ घट्ट बसत नाही. वरून सपाट दिसतं, आत विहीर असते. त्यात पडलं की एकट्यानं निघणं कठीण. झाडांपासून दूर राहा, जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका, आणि पडलातच तर धडपडू नका, खोड धरा, तोंडापुढे श्वासाला जागा ठेवा. बायकोनं मान डोलवली आणि दुपारी दुकानातून दोन शिट्ट्या आणल्या. एक माझ्या गळ्यात अडकवली.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी मराठीत सांगत होतो, ती अर्ध्या इंग्रजीत उत्तरं देत होती, नेहमीसारखं.

"बाबा, तू पुढे आणि आई मागे. ओके? शी कॅन सी यू दॅट वे. आणि जर ती दिसली नाही तर जस्ट स्टॉप. आय ॲम सिरियस."

"अगं, मी काय लहान आहे का?"

"ऑन स्कीज? येस," ती म्हणाली.

पहिले दोन दिवस स्वच्छ ऊन होतं. मी पुढे, बायको मागे. ती मागून सांगायची, "डावीकडं. आता उजवीकडं. घाई नका करू." संसारात इतकी वर्षं मी पुढे चालत आलो आणि दिशा ती ठरवत आली, तेव्हा नवीन असं काही नव्हतं. मी तिला तसं म्हटलं तर ती लिफ्टच्या खुर्चीत इतकी हसली की खुर्ची डुलायला लागली.

तिसऱ्या दिवशी ढग खाली आले. खालून वर पाहिलं तर लिफ्टच्या तारा अर्ध्यावर नाहीशा होत होत्या.

"जायचं का?" मी विचारलं.

"एकदाच जाऊ. सोप्या वाटेनं," ती म्हणाली. "मग खाली येऊन सूप घेऊ."

लिफ्टमध्ये बसून आम्ही ढगात शिरलो आणि जग संपलं. पुढची खुर्ची दिसेना, मागची दिसेना. झाडांवर वाऱ्यानं बर्फाचे थर चिकटून त्यांची पांढरी, वाकलेली माणसं झाली होती. ती एकेक करून धुक्यातून येत आणि मागे जात, जणू कुठल्या तरी समारंभाहून घरी परतणारे पाहुणे. आम्ही दोघं कुजबुजत बोलत होतो. का, ते सांगता येणार नाही.

वर उतरलो. पहिलं वळण ठीक झालं. दुसरंही. मग माझ्या गॉगलवर दहिवर साचलं, म्हणून मी वाटेच्या कडेला थांबलो आणि तो पुसू लागलो. त्याच वेळी बायको माझ्याजवळून पुढे गेली असणार. तिला वाटत राहिलं की मी पुढेच आहे. मी गॉगल चढवून वर पाहिलं, ती येईना. मला वाटत राहिलं की ती अजून वरच आहे. "अगं," अशी हाक मारली. माझा आवाज कापसात रुतल्यासारखा तिथंच राहिला.

मुलीनं सांगितलं होतं, जस्ट स्टॉप. मी थांबलोच होतो. पण पांढऱ्यात उभं राहणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. वर पांढरं, खाली पांढरं, उतार कुठल्या बाजूला आहे ते दिसत नाही. मला वाटायला लागलं की मी घसरतोय. हळूहळू, मागे मागे. मी थांबण्यासाठी पाय तिरके केले, अंग झुकवलं. मी खरं तर मुळीच हलत नव्हतो. झुकल्यामुळे मात्र हललो, आणि वाटेच्या कडेवरून खाली मऊ बर्फात गेलो. एक फांदी गालाला घासली. मग पायांखालचं सगळं नाहीसं झालं.

आवाज झाला नाही. मी एका कुशीवर, डोकं थोडं खाली, छातीपर्यंत बर्फात होतो. एक स्की निघून गेली होती. दुसरा पाय वर कुठे तरी फांद्यांत अडकला होता आणि गुडघा दुखत होता. तोंडात बर्फ होतं ते थुंकलं. जरा हललो तर वरून आणखी भुसभुशीत बर्फ आलं, कॉलरमध्ये गेलं. मग पाटीवरचा तो माणूस आठवला आणि मी हलायचं थांबलो. उजवा हात मोकळा होता. त्यानं मी झाडाचं खोड धरलं. चेहरा खोडाशी नेला. सालीचा वास आला, राळेचा, गोडसर.

आणि मला भीती वाटली नाही. हे मी नंतर कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं पाहतात, पण तसंच झालं. आत निळसर उजेड होता. बर्फातून गाळून आलेला, हिरवट निळा, कुठूनच न येणारा. तशा उजेडात मी लहानपणी राहिलो होतो. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी आई खिडक्यांवर पडदे सोडायची, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायची, आणि ती खोली ओली, अंधारी, गार व्हायची. वाळ्याचा वास सुटायचा. बाहेर सगळं जळत असायचं आणि आत आम्ही फरशीवर पडून असायचो. "डोळे मीट," आई म्हणायची. "उन्हं उतरली की मी हाक मारते." मग ती संध्याकाळी हाक मारायची. माझ्या पूर्ण नावानं, शेवटचं अक्षर लांबवून.

मी डोळे मिटले असावेत. किती वेळ, ते ठाऊक नाही.

"अहो!"

खालून आला आवाज, खूप लांबून. बायकोचा. मला छान वाटलं, ती आहे म्हणून. पण उत्तर द्यावं असं चटकन वाटलं नाही.

"अहोऽऽ!"

मग काही नाही. मग एका पुरुषाचा जाड, खर्जातला आवाज धुक्यातून आला.

"आहो! आहो!"

मी विचार करू लागलो. हा कोण माणूस मला अहो म्हणतोय? मला वाटलं मी स्वप्नात आहे, आणि स्वप्नात असं चालतं. नंतर कळलं, की खाली बायकोनं उतरत येणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाला थांबवलं होतं. नवरा मागे राहिला, दिसत नाही, असं सांगितलं. ती ओरडत होती तेच त्यानं उचललं. हेच नाव, असा त्याचा समज झाला. मग तिनं त्याला थांबवलं. नाही, नाही, हे नाव नाही.

"देन व्हॉट्स हिज नेम?" त्यानं विचारलं.

ते दोघं मला शोधत वाटेनं वर चढत आले. मग वरच्या बाजूनं, अगदी स्वच्छ, एका बाईच्या आवाजात माझं नाव आलं.

पूर्ण नाव. ऑफिसात माझ्या नावाचे दोन तुकडे करून पहिलाच तुकडा वापरतात. मुलगी बाबा म्हणते. आई गेल्यापासून ते अख्खं नाव मोठ्यानं मारलेल्या हाकेत मी ऐकलंच नव्हतं. बायकोनं तर लग्नातल्या उखाण्यानंतर ते उच्चारलेलं मला आठवत नाही. मी आवाज ओळखला नाही. कोण बाई ही, एवढ्या हक्कानं मला बोलावणारी? उन्हं उतरली वाटतं, असंही मनात येऊन गेलं.

पुन्हा हाक आली. या वेळी शेवटी आवाज फाटला. रडवेला झाला. आणि त्या फाटण्यात मला ती ओळखू आली. मी एकदम जागा झालो. आणि तेव्हा, त्या क्षणी, मला पहिल्यांदा भीती वाटली. बोटं बधिर झाली होती. गळ्यातली दोरी ओढून ओढून शिट्टी वर काढली, दातांत धरली आणि फुंकली. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग वाजली.

"थांबा! पुन्हा वाजवा!" ती ओरडली.

मी वाजवत राहिलो. बर्फ करकरत ती वरून खाली येत होती, स्की काढून, गुडघ्यांएवढ्या बर्फातून. तो माणूस तिला सांगत होता, झाडाच्या वरच्या बाजूनं जाऊ नको, त्याच्यावर बर्फ पडेल, बाजूनं जा. मग माझ्या डोळ्यांसमोर एक भोक पडलं, त्यातून एक हातमोजा आला, मग जांभळी बाही.

"तोंड मोकळं आहे का? बोला."

"आहे."

"हलू नका. काही म्हणजे काही हलू नका." ती दोन्ही हातांनी उकरत होती, मांजरासारखी. "कुठं चालले होते तुम्ही? काय करून राहिले होते?"

"गॉगल पुसत होतो," मी म्हणालो.

ती हसली की रडली ते कळलं नाही. तिच्या नाकातून पाणी येत होतं आणि ते मिशीसारखं गोठलं होतं.

त्या म्हाताऱ्या माणसानं रिसॉर्टच्या नकाशावरच्या नंबरवर फोन केला होता. लाल जॅकेटवर पांढरा क्रॉस असलेली एक गस्तीवरची मुलगी स्लेज घेऊन आली. त्या तिघांनी मिळून मला बाहेर ओढलं. गुडघा मुरगळला होता, बाकी काही नव्हतं. तिनं मला दिवस विचारला, गाव विचारलं, बोटं हलवून दाखवायला सांगितली. मग मला गोधड्यांत गुंडाळून स्लेजवर बांधलं. मी म्हणालो, मी चालू शकेन. ती म्हणाली, "शुअर, बट नॉट टुडे."

मग मी उताणा पडून डोंगर उतरलो. चेहऱ्यावर बर्फाचे बारीक कण पडत होते. वर ती पांढरी, वाकलेली झाडं दोन्ही बाजूंनी मागे मागे जात होती. बायको स्लेजच्या मागून येत होती, आणि मी डोकं कलतं केलं की धुक्यात तिचं जांभळं जॅकेट डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जाताना दिसायचं. इतकी सुंदर वळणं तिनं त्याआधी कधी घेतली नव्हती. निदान मी पाहिली नव्हती. मी त्या गस्तीवाल्या मुलीला म्हणालो, "दॅट्स माय वाइफ." तिला वाटलं मी डोक्याला मार लागल्यासारखं बोलतोय. तिनं पुन्हा मला दिवस विचारला.

खाली पोचल्यावर तो म्हातारा माणूस आमचा निरोप घ्यायला आला. त्याच्या दाढीत बर्फाचे मणी होते. त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "टेक केअर, आहो." आम्ही त्याला दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी मुलीला सांगणं भाग होतं. ती आधी घाबरली, मग चिडली, मग तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"वेट. आईनं नाव घेतलं? तुझं नाव? आउट लाउड?"

"सगळ्या डोंगराला ऐकू गेलं," मी म्हणालो.

"काय करणार मग," बायको पलीकडून म्हणाली. तिच्या हातात सुपाचा वाडगा होता आणि ती त्यात पाहत होती. "तिथं काय एकटे हेच होते का अहो?"

मुलगी इतकी हसली की स्क्रीनवरून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. ती अख्खं वाक्य मराठीत म्हणाली, "बाबा, आता नीट राहा हं." ते वाक्य तिच्या तोंडून जरा वाकडं आलं.

उरलेले दिवस मी गुडघ्याला पट्टा बांधून खोलीच्या खिडकीत बसलो. बायको पहिल्या दिवशी माझ्याबरोबर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसायला तयार होती, पण तिची नजर सारखी वर जात होती. मी तिला म्हटलं, "अगं, शिकवणीच्या घोळक्याबरोबर जा. एकटी नको जाऊ. पण जा." ती बूट घालायला उठली.

निघायच्या आदल्या दिवशी खाली गावात दाट ढग होते. रस्त्याचे दिवे दुपारीही लागलेले. बायको सकाळी वर जाऊन आली होती. ती धावत खोलीत आली, गालांवर ऊन घेऊन. खरंच, तिचा चेहरा उन्हात असल्यासारखा होता.

"चला. पटकन. तुम्हाला काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

वर नेणारी बंद काचेची केबिन होती, तिच्यात पायी माणसांनाही बसता येई. आम्ही दोघं बसलो. धुकं, पुन्हा तेच पांढरं. मी दांडी घट्ट धरली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मग पांढरं पातळ झालं, पिवळसर झालं, आणि केबिन ढगातून वर निघाली.

वर निळं आकाश होतं, आणि खाली ढगांचा समुद्र. दुसरे डोंगर त्यातून बेटांसारखे वर आले होते. कुठेही गाव नाही, रस्ता नाही, आम्ही आलो ती प्रेअरी नाही. काही हलत नव्हतं. ढगाच्या कडा मात्र डोंगराच्या खाचांमध्ये अगदी सावकाश वर यायच्या आणि मागे जायच्या. आम्ही वरच्या ओट्यावर एका बाकावर बसलो. थर्मासमधला चहा प्यालो. तिनं जॅकेटची चेन उघडली आणि ऊन अंगावर घेतलं.

"इथं राहता आलं असतं तर," मी म्हणालो.

"मग कामावर कोण जाईल?" ती म्हणाली. पण बराच वेळ उठली नाही.

शेवटी तिच्या घोळक्यातली माणसं आली आणि तिनं स्की चढवल्या. मला उतरायचं नव्हतंच. मी परत केबिननं जाणार होतो. तिनं गॉगल लावला, काठ्या रोवल्या आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती निघाली. उन्हातून, घसरत, वळत, चार-पाच माणसांच्या मागे, ढगाच्या काठापर्यंत. काठावर ती क्षणभर कमरेपर्यंत दिसली, मग खांद्यापर्यंत. मग तिथं फक्त ढग होता.

मी उभा राहून पाहत होतो. मग लंगडत केबिनकडे गेलो, रांगेत थांबलो, खाली आलो. खाली दिवे लागले होते, अंधारल्यासारखं होतं, आणि ती कॉफीच्या रांगेत माझ्या आधी उभी होती, केसांत बर्फ, हेल्मेट काखेत.

"तुम्हाला दूध जास्त ना?" तिनं विचारलं.